मन आजारी असताना डोकं का चालत नाही? विचार, लक्ष आणि स्मरणशक्तीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मानसिक आजार असलेल्या माणसांच्या स्मरणशक्तीच्या आणि एकाग्रतेच्या चाचण्या घेणं हे माझं रोजचं काम आहे. समोर येऊन बसणारा माणूस बहुतेक वेळा दोनपैकी एक भीती घेऊन येतो. एक तर 'मला वेड लागतंय', नाही तर 'मी मुळातच आळशी आणि बेफिकीर आहे'. दुसरी भीती बऱ्याचदा घरच्यांनीच त्याच्या मनात घातलेली असते आणि तीच मला जास्त टोचते. पुढचे प्रश्न लोक विचारतात तसेच, त्यांच्याच शब्दांत घेतले आहेत.

मानसिक आजार म्हणजे भावनांचा आजार ना? मग त्यात विसरायला का होतं?

मेंदूत भावनांची खोली वेगळी आणि विचारांची वेगळी, असं काही नसतं. भीती वाटली की लक्ष भलतीकडे ओढलं जातं. लक्ष जिथे असेल तेच स्मरणात राहतं आणि स्मरणात जे असेल त्यावरच पुढचा विचार उभा राहतो. यातली एक कडी ढिली झाली की बाकीच्याही सैल पडतात.

हे आजाराच्या व्याख्येतच लिहिलेलं आहे. डीएसएम-५ ही अमेरिकन मनोविकार संघटनेची २०१३ सालची निदान-नियमावली. तिच्यात नैराश्याची ९ लक्षणं दिली आहेत आणि विचार करण्याची किंवा लक्ष एकाग्र करण्याची क्षमता कमी होणं, निर्णय घेता न येणं, हे त्यातलं एक आहे. सततच्या चिंतेच्या विकारात लक्ष न लागणं, डोकं अचानक कोरं पडणं हे लक्षण आहे. मोठ्या आघातानंतरच्या विकारातही एकाग्रतेची अडचण यादीत आहे. ताप आलेल्या माणसाचं अंग दुखतं तेव्हा आपण त्याला 'अंग का दुखवून घेतोस' असं विचारत नाही. डिप्रेशनमधल्या माणसाला मात्र 'लक्ष का देत नाहीस' असं सर्रास विचारलं जातं.

मी विसरतो तेव्हा नेमकं काय बिघडलेलं असतं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

एखादी गोष्ट आठवायला तीन कामं नीट व्हावी लागतात. आधी तिची नोंद व्हावी लागते, मग ती टिकावी लागते आणि हवी तेव्हा शोधून काढता यावी लागते. आपण तिन्ही बिघाडांना एकच शब्द वापरतो, 'विसरलो'. पण डिप्रेशन, चिंता किंवा एडीएचडी (लक्ष टिकवता न येण्याचा आणि उतावळेपणाचा विकार) यांतलं बरंचसं 'विसरणं' पहिल्याच पायरीवर झालेलं असतं. बायकोने सांगितलेलं काम कानावर पडलं, 'हो' म्हणूनही झालं, पण त्या क्षणी मन दुसरीकडेच होतं. नोंद झालीच नाही, तर संध्याकाळी ते आठवणार कुठून?

नोंद होण्याआधी गोष्ट थोडा वेळ हातात धरून ठेवावी लागते. या धरून ठेवण्याच्या जागेला मानसशास्त्रात कार्यस्मृती म्हणतात. फोन नंबर ऐकल्यापासून लिहून होईपर्यंत तो जिथे 'धरलेला' असतो, ती ही जागा. १९५६ मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी तिची क्षमता एका वेळी ७ गोष्टींच्या आसपास सांगितली होती. २००१ मध्ये नेल्सन कोवान यांनी ती प्रत्यक्षात ४ च्या जवळ असल्याचं मांडलं. म्हणजे धडधाकट माणसाकडेही ही जागा तुटपुंजीच असते. तिच्यातल्या दोन जागा 'माझं काय होणार' आणि 'माझंच चुकलं' या विचारांनी कायमच्या अडवल्या, तर उरलेल्या दोन जागांवर नोकरी, घर आणि अभ्यास चालवायचा असतो.

माझ्या टेबलावर हे दिसतं ते असं. मी १५ शब्द वाचून दाखवते आणि आठवतील तेवढे सांगायला सांगते. नैराश्यातला माणूस ५ शब्द सांगून थांबतो आणि मान हलवतो. मग मी ते शब्द दुसऱ्या शब्दांत मिसळून वाचते आणि 'हा यादीत होता का?' असं एकेक विचारते. तिथे तो बहुतेक शब्द बरोबर ओळखतो. म्हणजे शब्द आत गेले होते, पण स्वतःहून शोधून बाहेर काढायची ताकद कमी पडली. हे त्याला समजावून सांगितलं की खांदे थोडे खाली येतात.

डिप्रेशनमध्ये साधे निर्णयही का घेता येत नाहीत?

कारण निर्णय घ्यायला पर्याय समोर ठेवावे लागतात, त्यांची तुलना करावी लागते आणि 'यातून काहीतरी बरं निघेल' असं थोडं तरी वाटावं लागतं. नैराश्यात या तिन्ही गोष्टी एकदम लंगड्या होतात. कोणता शर्ट घालायचा यावर अर्धा तास पलंगावर बसून राहिलेली माणसं मला भेटली आहेत. बाहेरून तो आळस वाटतो. आत मात्र डोकं घासून निघत असतं.

त्यात भर पडते ती रवंथ करण्याची. तोच विचार, तेच वाक्य, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा. त्याला वाटतं आपण प्रश्न सोडवतोय, पण एकही पाऊल पुढे पडलेलं नसतं. पुस्तकाचं एकच पान चार वेळा वाचूनही काही कळत नाही, ते याच कारणाने. डोळे ओळीवरून फिरतात आणि मन आत वेगळंच काही वाचत असतं.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही, ती सांगायलाच हवी. डिप्रेशनमध्ये आठवणींचा पोतच बदलतो. गॉर्डन बॉवर यांनी १९८१ मध्ये मांडलं की मनःस्थिती जशी असते तशाच आठवणी सहज वर येतात. उदास मनाला उदास दिवसच आठवतात. त्यानंतर १९८६ मध्ये मार्क विल्यम्स आणि कीथ ब्रॉडबेंट यांनी आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या रुग्णांना काही शब्द देऊन, त्या प्रत्येक शब्दावरून आयुष्यातला एक ठरावीक प्रसंग सांगायला सांगितलं. त्यांच्याकडून प्रसंग येत नव्हता, मोघम सारांश येत होता. 'आनंद' म्हटल्यावर 'त्या दिवशी पावसात आम्ही दोघं भिजलो' असं न येता 'मी लहान असताना बरं वाटायचं' असं येतं. हे दिसायला किरकोळ आहे, पण परिणाम मोठा आहे. अडचणीतून मागे कधी कसे बाहेर पडलो याचे तपशीलच हाताशी नसतील, तर आताच्या अडचणीतून वाट काढायची कशाच्या आधाराने?

म्हणून 'माझ्या आयुष्यात कधीच काही चांगलं झालं नाही' असं तो म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्या क्षणी त्याला खरोखरच दुसरं काही सापडत नसतं. वाद घालू नका. एखादा नेमका प्रसंग तपशिलांसकट तुम्हीच सांगा. आणि त्याच्या बोलण्यात जगणं संपवण्याचा सूर आला, तर त्याला एकटं सोडू नका, तातडीची वैद्यकीय मदत मिळवा.

हा डिमेन्शियाच आहे का?

साठी ओलांडलेल्या माणसाच्या घरातून हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्त आहे. डिमेन्शिया म्हणजे स्मृती आणि बुद्धी हळूहळू ढासळत जाण्याचा आजार, आणि नैराश्यामुळे हुबेहूब तसंच चित्र उभं राहू शकतं. लेस्ली किलोह यांनी १९६१ मध्ये त्यावर लिहिलं तेव्हापासून त्याला 'स्यूडोडिमेन्शिया', म्हणजे भासणारा डिमेन्शिया, असं म्हणतात. मला हा शब्द तितकासा आवडत नाही, कारण त्रास भासणारा नसतो, खराच असतो.

फरक ओळखायच्या काही खुणा आहेत. नैराश्यातला माणूस स्वतःच तक्रार करतो, वैतागतो, 'मला काहीच आठवत नाही' म्हणतो. प्रश्न विचारला की 'माहीत नाही' म्हणून मोकळा होतो, पण थोडं रेटलं, वेळ दिला, तर उत्तर अनेकदा निघतं. अल्झायमर या डिमेन्शियाच्या प्रकारात सुरुवातीला चित्र बऱ्याचदा उलटं असतं. तक्रार घरचे करतात, तो स्वतः 'मला कुठे काय झालंय?' म्हणतो आणि आजची तारीख विचारली तर जवळपासची पण चुकीची तारीख ठामपणे सांगतो. खूण दिली, पहिलं अक्षर सांगितलं, तरी फारसा उपयोग होत नाही, कारण बिघाड नोंद आणि साठवण यांतच असतो. नैराश्याची सुरुवात घरच्यांना साधारण महिना धरून सांगता येते, डिमेन्शियाची सहसा सांगता येत नाही.

पण या खुणांवर घरबसल्या निकाल देऊ नका. दोन्ही आजार एकत्र असू शकतात, आणि उतारवयात पहिल्यांदाच आलेलं नैराश्य ही कधी कधी पुढे येणाऱ्या डिमेन्शियाची चाहूलही असते. त्यामुळे नैराश्य बरं झाल्यावरही काही काळाने चाचणी पुन्हा करून घ्यावी.

एक गोष्ट मात्र वेगळी. वयस्कर माणूस काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक गोंधळायला लागला, दिवसरात्रीचं भान गेलं, कधी नीट बोलतोय तर कधी बरळतोय, तर तो डिलिरियम असू शकतो. त्यामागे जंतुसंसर्ग, शरीरातल्या क्षारांचा बिघाड किंवा औषधांचा परिणाम असतो. तिथे मनोविकारतज्ज्ञाच्या तारखेची वाट पाहायची नसते, सरळ रुग्णालय गाठायचं.

चिंतेत तर डोकं भरधाव पळतं. मग ऐन परीक्षेत कोरं का पडतं?

पळतं, पण धोक्याच्या मागे पळतं. चिंताग्रस्त माणसाचं लक्ष धोका सुचवणाऱ्या गोष्टीकडे आपोआप वळतं आणि तिथून सुटायला वेळ लागतो. वीस जण वर्गात शांत बसलेले असतात आणि एकाच्या कपाळावर आठी असते, तर याला ती आठी दिसते.

थोडा ताण कामाला बरा, जास्त झाला की काम बिघडतं, हे रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. त्यातला महत्त्वाचा बारकावा असा की काम जितकं अवघड, तितका कमी ताणातच बिघाड सुरू होतो. म्हणूनच पाठ केलेली कविता घाबरूनही म्हणता येते, पण नवं गणित सुटत नाही. गणिताला कार्यस्मृती लागते, आणि ती 'नापास झालो तर' या विचाराने आधीच भरलेली असते.

गॅस बंद केला की नाही हेच मला आठवत नाही. माझी स्मरणशक्ती गेली आहे का?

सहसा नाही. ओसीडीमध्ये, म्हणजे तीच शंका पुन्हा पुन्हा येऊन तीच कृती करत राहण्याच्या विकारात, स्मरणशक्ती बऱ्यापैकी शाबूत असते, तिच्यावरचा विश्वास गेलेला असतो. आणि तो तपासण्यानेच जातो.

मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंट यांनी २००३ मध्ये हे फार सुंदर दाखवलं. त्यांनी कोणताही विकार नसलेल्या लोकांना संगणकावर गॅसच्या शेगडीची बटणं लावायला, बंद करायला आणि तपासायला लावलं, वीस वीस वेळा. शेवटी विचारलं की या खेपेला कोणती बटणं तपासली? उत्तरं बरोबर होती. पण वारंवार तपासणाऱ्यांना ती आठवण धूसर वाटत होती आणि स्वतःच्या उत्तराची खात्री राहिली नव्हती. धडधाकट माणसाचं वीस खेपांत असं होतं, तर रोज रात्री तीस वेळा स्वयंपाकघरात जाऊन बटणाकडे टक लावून उभ्या राहणाऱ्या माणसाचं काय होत असेल? तो विचारतो, 'दिसतंय की बंद आहे, पण मला खरंच दिसतंय का?' शंका मिटवण्यासाठी केलेली प्रत्येक फेरी शंकेला बळ देते.

ओसीडीवरच्या वर्तन-उपचारात म्हणूनच तपासणं हळूहळू थांबवायला शिकवतात. स्मरणशक्तीच्या गोळ्यांचा इथे काही उपयोग नाही.

स्किझोफ्रेनियात नेमकं काय बिघडतं? आवाज येणं सोडून?

आवाज आणि भास लवकर नजरेत भरतात, म्हणून चर्चा त्यांचीच होते. पण या आजाराचं वर्णन सुरुवातीपासून विचारांचा आजार म्हणून झालं. एमिल क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याला 'डिमेन्शिया प्रीकॉक्स', म्हणजे अकाली येणारी बुद्धीची उतरण, म्हटलं. ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द आणला, कारण प्रत्येक रुग्णाची उतरणच होते असं त्यांना दिसलं नाही. विचारांना जोडणारे धागे सैल होतात यावर त्यांचा भर होता. एका वाक्यातून दुसऱ्यात जाताना सांधा निखळतो आणि ऐकणाऱ्याला अर्थ लागेनासा होतो.

चाचण्यांमध्ये सगळ्यात ठळक दिसतो तो वेग. एका साध्या चाचणीत वर तक्ता असतो, प्रत्येक आकड्याला एक चिन्ह. खाली नुसते आकडे असतात आणि दीड-दोन मिनिटांत जमेल तितकी चिन्हं भरायची. काम सोपं आहे, चुका फारशा होत नाहीत, पण पेन्सिल तक्त्याकडे आणि पुन्हा खाली अशी जात-येत राहते आणि ओळ अर्धी असतानाच वेळ संपते. याशिवाय कार्यस्मृती, ऐकलेलं लक्षात ठेवणं आणि आखणी करणं यांत सरासरीने लक्षणीय घट दिसते. 'सरासरीने' हा शब्द सोडू नका, कारण माणसागणिक फरक मोठा असतो आणि काहींच्या चाचण्या उत्तम येतात.

ही घट अनेकदा पहिला झटका येण्याच्या आधीपासून असते. 'दहावीपर्यंत हुशार होता, मग अभ्यासातून मन उडालं,' असं आई सांगते. मन उडालेलं नसतं. तो एकाच धड्याशी दुप्पट झुंजत असतो आणि कुणाला सांगू शकत नसतो.

विचारांच्या आणखी एका वळणाचा अभ्यास झाला आहे. दोन बरण्या, एकीत एका रंगाचे मणी जास्त, दुसरीत दुसऱ्या रंगाचे. एकेक मणी काढून दाखवायचा आणि तो कोणत्या बरणीतून येतोय हे खात्री पटल्यावर सांगायचं. १९८८ मधल्या अभ्यासात भ्रम असलेले रुग्ण इतरांपेक्षा कमी मण्यांवर निर्णय देताना दिसले. तुटपुंज्या पुराव्यावर निष्कर्षाला उडी मारणं, शेजारी दोनदा खोकला म्हणजे तो इशाराच, हे तिथून समजायला थोडी मदत होते.

औषधांनी आवाज आणि भ्रम कमी होतात, विचारांचा वेग आणि स्मरणशक्ती मात्र फारशी सुधारत नाही. मायकेल ग्रीन यांनी १९९६ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन दाखवलं की रुग्णाला काम, शिकणं, माणसांत वावरणं कितपत जमेल याचा संबंध स्मरणशक्ती आणि लक्ष यांच्याशी घट्ट आहे. म्हणून 'आवाज थांबले, आता उद्यापासून नोकरीला जा' असं रुग्णाला म्हणणं घाईचं आहे.

बायपोलरमध्ये?

या आजारात उन्माद आणि नैराश्य यांचे टप्पे येतात. उन्मादाच्या अवस्थेत विचार एकावर एक आदळतात. बोलता बोलता खिडकीबाहेरचा हॉर्न ऐकू आला की विषय हॉर्नवर जातो. स्वतःला आपण तल्लख झाल्यासारखं वाटतं, पण हातात घेतलेलं एकही काम तडीला जात नाही. नैराश्याच्या टप्प्यात वर सांगितलेलं सगळं लागू होतं. आणि दोन्हींच्या मधल्या 'बऱ्या' काळातही अनेकांना लक्ष आणि शब्दांची स्मृती थोडी कमी पडते. या आजारावरचं लिथियम हे औषध घेणाऱ्याला अचानक फारच संथ वाटू लागलं, तर रक्तातली लिथियमची पातळी आणि थायरॉइड तपासायला हवं, कारण लिथियमने थायरॉइडचं काम मंदावू शकतं.

एडीएचडी म्हणजे लक्षच नसणं का? मग तो तासन् तास गेम कसा खेळतो?

लक्ष असतं, त्याचा लगाम हातात नसतो. जे रंजक आहे, ज्याचं बक्षीस ताबडतोब मिळतं, त्यात माणूस बुडून जातो. जे महत्त्वाचं पण रटाळ आहे, तिथे मन टिकत नाही. 'म्हणजे मनात आणलं तर जमतं की' हा तर्क इथेच फसतो.

हा काही मोबाईलच्या काळातला शोध नाही. अलेक्झांडर क्राइटन या स्कॉटिश डॉक्टरांनी १७९८ मध्येच लक्ष न टिकणाऱ्या माणसांचं वर्णन लिहून ठेवलं, आणि जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये लंडनमध्ये अशा मुलांवर व्याख्यानं दिली. वेळेचा अंदाज चुकणं हा याचा फार त्रासदायक भाग आहे. 'दहा मिनिटांत निघतो' हे तो मनापासून म्हणत असतो.

एका भयंकर प्रसंगाचं काही विसरता येत नाही आणि काही आठवतच नाही. दोन्ही कसं?

आघातानंतरच्या विकारात दोन्ही एकत्र असतात. जिवावर बेतलेल्या क्षणी लक्ष एकाच बिंदूवर खिळतं, चाकू, आवाज, वास, आणि तेवढंच खोल कोरलं जातं. आधी काय झालं, नंतर काय झालं, याची सलग नोंद होत नाही. म्हणून ती आठवण गोष्टीसारखी सांगता येत नाही, तुकडे अंगावर येतात, आणि आले की आता घडतंय असंच वाटतं. जबाबात क्रम चुकला म्हणून माणूस खोटा ठरवणाऱ्यांनी हे समजून घ्यायला हवं.

सतत सावध राहणं आणि मोडलेली झोप यांमुळे रोजचं लक्षही उडतं ते वेगळंच.

हे सगळं गोळ्यांमुळे तर होत नाही ना?

काही वेळा गोळ्यांचाही वाटा असतो, ते लपवण्यात अर्थ नाही. झोपेसाठी किंवा चिंतेसाठी दिल्या जाणाऱ्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम या गटातल्या गोळ्यांनी नव्या गोष्टींची नोंद कच्ची होते. काही औषधं मेंदूतल्या असिटिलकोलीन या रसायनाला अडवतात. ॲमिट्रिप्टिलीन त्यातलं एक. भ्रमावरच्या औषधांनी हातपाय ताठरले की दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल ही त्यातलीच. वर्षापूर्वी ताठरपणा होता म्हणून सुरू केलेली गोळी, ताठरपणा गेल्यावरही कुणी थांबवली नाही, असं चिठ्ठीवर अनेकदा दिसतं. वयस्कर माणसांना या औषधांचा त्रास जास्त होतो.

पण आपल्या मनाने गोळी बंद करू नका. वरच्या पहिल्या गटातल्या गोळ्या एकदम तोडल्या तर आकडीसुद्धा येऊ शकते. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा आणि विचारा की यातली कोणती आता नको आहे.

शॉक ट्रीटमेंटने स्मृती जाते म्हणतात, खरं का?

अंशतः. १९३८ मध्ये रोममध्ये उगो चेर्लेत्ती आणि लुचो बिनी यांनी सुरू केलेला हा उपचार आज भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देऊन केला जातो. उपचाराच्या दिवसांतल्या आणि त्याआधीच्या काही आठवड्यांच्या-महिन्यांच्या आठवणींत खड्डे पडतात. नवं शिकण्याची क्षमता साधारण काही आठवड्यांत पूर्ववत होते, पण जुन्या काही आठवणी कायमच्या हरवल्याचं सांगणारे रुग्ण आहेत आणि त्यांचं म्हणणं झटकून टाकू नये. डोक्याच्या एकाच बाजूने दिलेल्या उपचारात हा त्रास कमी होतो. जिवावर बेतलेल्या नैराश्यात हा अतिशय परिणामकारक उपचार आहे, म्हणून दोन्ही बाजू उघडपणे सांगून संमती घ्यायला हवी.

दारूने?

रोजच्या दारूने झोप, लक्ष आणि स्मृती तिन्ही खालावतात. दीर्घकाळ पिणाऱ्यात ब-१ जीवनसत्त्व संपलं की कोर्साकॉफ सिंड्रोम होऊ शकतो. त्यात माणूस नवं काही धरून ठेवू शकत नाही आणि रिकाम्या जागा कल्पनेने भरतो, तेही खोटं बोलण्याचा हेतू नसताना.

तपासणी कशी होते?

रक्त तपासणीपासून सुरुवात व्हावी. थायरॉइड, ब-१२, रक्तातली लोहाची कमतरता यांनीही डोकं मंद चालतं. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं आहे का, हे विचारलं जायला हवं, कारण पक्की झोप नसेल तर दिवसभराच्या नोंदी पक्क्या होत नाहीत.

मग छोट्या चाचण्या. १९७५ ची एमएमएसई आणि २००५ ची मोका, दोन्ही ३० गुणांच्या, दहा-पंधरा मिनिटांत होणाऱ्या. या मूळ डिमेन्शियासाठी केलेल्या असल्यामुळे तरुण रुग्णाला पैकीच्या पैकी पडू शकतात आणि तरी त्याची तक्रार खरी असते. तेव्हा सविस्तर चाचण्या कराव्या लागतात. त्यातली एक स्ट्रूप, १९३५ ची. 'लाल' हा शब्द निळ्या शाईत लिहिलेला असतो आणि वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. करून बघा, सवयीला आवर घालणं किती अवघड आहे ते कळेल.

चाचणीच्या आदल्या रात्री झोप झाली नसेल तर तसं सांगा. चष्मा आणि श्रवणयंत्र विसरू नका.

माझी बुद्धी कमी झाली का? परत येईल का?

डिप्रेशन आणि चिंतेत बहुतेकांचं डोकं आजार ओसरला की सुधारतं, पण मन सावरल्यावर लगेच नाही. रडू थांबतं, भूक लागते, झोप येते, आणि एकाग्रता मागून रेंगाळत येते. काहींना थोडी कमतरता बराच काळ जाणवत राहते. या मधल्या काळातच माणसं धीर सोडतात किंवा 'गोळ्यांचा काही उपयोग नाही' म्हणून उपचार थांबवतात. तसं करू नका.

स्किझोफ्रेनिया आणि बायपोलरसाठी कॉग्निटिव्ह रेमेडिएशन नावाचा सराव असतो. आठवड्यातून काही तास, प्रशिक्षित माणसासोबत, लक्ष आणि स्मृतीचे व्यायाम करायचे आणि शिकलेली युक्ती खऱ्या कामात कशी वापरायची ते ठरवायचं. फायदा मध्यम असतो, पण खरा असतो. तो पुनर्वसनाच्या कामाला जोडला तर जास्त टिकतो.

चालण्याबद्दल मी आग्रही आहे. २०११ मध्ये कर्क एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शिया नसलेल्या १२० वयस्कर माणसांवर अभ्यास केला. वर्षभर नियमित चालणाऱ्या गटात हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणींच्या नोंदणीचं केंद्र, सुमारे २ टक्के वाढलेलं दिसलं आणि नुसते अंग ताणण्याचे (स्ट्रेचिंगचे) व्यायाम करणाऱ्यांत ते किंचित घटलं. तो अभ्यास मानसिक रुग्णांवर नव्हता हे खरं, पण मनःस्थिती आणि झोप या दोन्हींना चालण्याचा फायदा होतो हे वेगळं सिद्ध आहे.

मोबाईलवरचे ब्रेन गेम खेळू का?

आवडत असतील तर खेळा. पण त्याने मुख्यतः तो गेम चांगला जमू लागतो.

बरं वाटेपर्यंत रोजचं काम कसं निभवायचं?

डोक्यावरचं ओझं कागदावर उतरवा. एकच वही, एकच जागा. पाच ठिकाणी चिकटवलेल्या पाच चिठ्ठ्यांचा आणखी एक गोंधळ होतो.

'संध्याकाळी गोळी घ्यायची' असं ठरवण्यापेक्षा 'दात घासून झाले की गोळी घ्यायची' असं ठरवा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचं १९९० च्या दशकापासूनचं काम हेच सांगतं की 'अमुक झालं की तमुक करीन' अशी गाठ बांधली तर काम होण्याची शक्यता वाढते, कारण आठवण करून देण्याचं काम त्या प्रसंगावर सोपवलेलं असतं.

कुणी काम सांगितलं तर ते मोठ्याने परत म्हणा. 'म्हणजे गुरुवारी अकराला, फाईल घेऊन.' नोंद पक्की होते आणि चूक तिथेच सापडते. वाचन दहा मिनिटांचं करा, मग पुस्तक मिटून एक ओळ लिहा. डॉक्टरांकडे जाताना प्रश्न लिहून न्या आणि शक्य तर कुणाला सोबत न्या, कारण त्या खोलीत सांगितलेलं निम्मं बाहेर येईपर्यंत निसटतं. घर विकणं, नोकरी सोडणं, नातं तोडणं असे मोठे निर्णय थोडे पुढे ढकला.

घरच्यांनी काय करावं?

एका वेळी एकच गोष्ट सांगा, समोर जाऊन, टीव्ही बंद करून. 'तुला किती वेळा सांगायचं' हे वाक्य घरातून काढून टाका. उत्तराला वेळ द्या. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा, शांतता अवघड वाटली तरी. त्याचं वाक्य आपण पूर्ण करू नका. आणि काही विसरलाच, तर वहीत एकत्र बघा, तो आणि तुम्ही, बोट ओळीवर ठेवून.